मागून येणारी शिट्टी

ही गोष्ट खरी आहे.

तुम्हाला पटलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. खरं सांगायचं तर मलाही ती अजून पूर्ण पटलेली नाही. पण ज्या बाईच्या बाबतीत घडली ती खोटं बोलत नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

यात अमावास्या नाही, ओसाड बंगला नाही, पांढरी साडीही नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. डोंगरावरून समुद्राकडे उतरणाऱ्या वाटेवर, चांगली हसती-बोलती माणसं सोबत असताना झालं.

ती बाई म्हणजे माझी मावसबहीण. घरात तिला सगळे ताई म्हणतात, वयाने मोठे असलेलेसुद्धा. तिचा दराराच तसा आहे. शिवाय स्वभाव पक्का संशयी. दुसऱ्याने बांधलेली दोराची गाठ ती आधी सोडते आणि मग स्वतः बांधते. भाजीवाला जरा हसून बोलला तरी हिच्या कपाळाला आठ्या, की आज याने सडकी भाजी कुठे लपवलीय? आम्ही तिची यथेच्छ टर उडवतो. पण तिच्या धंद्यात हाच स्वभाव कामाला येतो.

ताई लोकांना साहसी सहलींना नेते. आधी डोंगर चढायचा, माथ्यावर तंबूत राहायचं. मग पलीकडच्या अंगाने जंगलातून थेट समुद्रावर उतरायचं. तिथे कयाक चालवायची, म्हणजे ती एकट्या-दुकट्याने वल्हवायची अरुंद होडी. आणि शेवटी किनाऱ्यावरच्या गावात लोकांच्या घरी मुक्काम. त्यांच्याबरोबर जेवायचं, जाळी विणायला शिकायचं, ओसरीवर बसून त्यांची गाणी ऐकायची. शहरातली माणसं दमतात, भिजतात, गुडघे फोडून घेतात आणि वर म्हणतात, काय मजा आली!

या कामात तिच्या सोबतीला तिचा धाकटा भाऊ. ताई रांगेच्या सगळ्यात पुढे, हा सगळ्यात मागे. कोणी मागे राहू नये, वाट चुकू नये, हे बघायचं काम त्याचं. म्हणून त्याचं नाव पडलं शेपूट. सहलीला आलेले पाव्हणेसुद्धा पहिल्याच दिवसापासून त्याला शेपूटच म्हणायला लागत. तो हसायचा. चिडलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

माझी मावशी मात्र प्रत्येक सहलीच्या वेळी दारात उभी राहून ताईला एकच सांगायची.

"तुझ्या भरवशावर पाठवतेय गं त्याला. परत आणून सोड म्हणजे झालं."

आता त्यांची एक पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्या उतारावर झाडी दाट आहे आणि समुद्राकडून कधी धुकं वर चढेल सांगता येत नाही. धुक्यात पुढच्याला मागचा दिसत नाही. म्हणून दोघांच्या गळ्यात शिट्ट्या. ताईने पुढून एक शिट्टी मारायची. शेपटाने मागून दोन मारायच्या. दोन ऐकू आल्या म्हणजे रांग शाबूत आहे, चालत राहा. नाही आल्या तर थांबायचं आणि मागे जायचं.

बस, एवढंच. साधी पद्धत. कितीतरी सहली याच पद्धतीने सुखरूप उतरल्या होत्या.

हंगामातल्या शेवटच्या सहलीत, त्या सकाळी माथ्यावर तंबू आवरताना दोघांचं भांडण झालं.

शेपटाला हे काम सोडायचं होतं. दुसऱ्या गावी एका बोटीच्या कारखान्यात त्याने बोलून ठेवलं होतं. पाव्हणे चहा पीत बसलेले असताना त्याने विषय काढला. ताईचं डोकं फिरलं. पुढच्या हंगामाची आखणी झालेली, आणि हा आत्ता सांगतोय! शब्दाने शब्द वाढला. शेवटी सगळ्यांसमोर ती म्हणाली,

"जा, कुठे जायचं तिथे जा. शेपूट आहेस, शेपूटच राहशील!"

पाव्हण्यांनी नजरा कपांत घातल्या. त्याने सॅक उचलली आणि मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

शब्द तोंडातून गेले त्याच क्षणी ताईला वाईट वाटलं होतं. पण 'माझं चुकलं' हे शब्द तिने जन्मात उच्चारलेले नाहीत. तेव्हाही नाही उच्चारले.

रांग निघाली. पुढे ताई. तिच्यामागे पाव्हणे. मध्ये त्या भागातला वाटाड्या. पाव्हण्यांत सगळ्यात शेवटी हेडबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघ्यांना पट्टे बांधून आलेल्या आणि तोंडाला क्षणाची विश्रांती नसलेल्या. त्यांच्यामागे शेपूट.

थोडं उतरल्यावर धुकं आलं.

आधी झाडांचे शेंडे गेले. मग बुंधे. मग ताईला आपल्या मागच्या माणसाची फक्त टोपी दिसायला लागली.

तिने शिट्टी मारली. एक.

मागून आल्या... दोन.

तिला जरा बरं वाटलं. बोलत नसला तरी काम करतोय.

पुढच्या वळणावर पुन्हा एक. पुन्हा दोन. लगेच.

इथे तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. कारण शेपूट आळशी. त्याला एका शिट्टीत उत्तर द्यायची सवयच नव्हती. दोनदा-तीनदा वाजवावी तेव्हा साहेब तोंडातली गोळी गालात सरकवून उत्तर द्यायचे. आज हा एवढा तत्पर कसा?

मला खिजवतोय, तिने ठरवलं. बघ, मी किती चोख काम करतो, असं दाखवतोय.

वाट एका ओढ्यात उतरली. घोट्यापर्यंत पाणी. ओलांडायला दुसरी जागा नाही, सगळ्यांचे बूट भिजले, किंचाळणं-हसणं झालं. पलीकडे जाऊन ताईने शिट्टी ओठांशी नेली. फुंकली मात्र नव्हती...

मागून दोन शिट्ट्या आल्या.

ती तशीच उभी राहिली.

"तुमचे भाऊ आज फॉर्मात आहेत," मागचा पाव्हणा म्हणाला. "विचारायच्या आधीच उत्तर!"

सगळे हसले. ताई नाही हसली. आवाज तिला फार जवळून आल्यासारखा वाटला होता. एवढी रांग मध्ये असताना तो इतक्या जवळ कसा?

मागे जाऊन बघावं, असं तिच्या मनात आलं. पाऊल वळलंही. पण सकाळचं भांडण आठवलं. आता मागे गेले तर त्याला वाटेल, मनवायला आली.

ती गेली नाही.

यानंतर उत्तरं येत राहिली. चोख. एकही चुकली नाही.

झाडी संपली, पायाखाली वाळू लागली. किनाऱ्यावर धुकं विरळ होतं. होडीवाली बाई, जिच्या घरी मुक्काम होता, ती वाळूवर उलट्या ठेवलेल्या कयाकांपाशी पाण्याच्या कळश्या घेऊन उभी होती. एकेक पाव्हणा झाडीतून बाहेर येऊ लागला. वाटाड्या आला. हेडबाई आल्या, अर्थातच बोलत.

त्यांच्यामागे कोणी आलं नाही.

ताई थोडी थांबली. मग तिने एक शिट्टी मारली.

झाडीच्या अगदी कडेवरून आल्या... दोन.

"ये की मग बाहेर! काय नाटकं लावलीत?"

पुन्हा दोन.

ती तरातरा गेली आणि फांद्या बाजूला केल्या. आत कोणी नव्हतं. ओल्या पानांवर पाव्हण्यांच्या बुटांचे ठसे होते. त्यांच्यावर मागून पडलेला एकही ठसा नव्हता.

"बाई, शेपूट कुठे राहिला?"

"माझ्या मागेच तर होता," हेडबाई म्हणाल्या. "अगदी पाठीला लागून. श्वास ऐकू येत होता मला. मी एवढं बोलले त्याच्याशी, पण पोरगं हूं की चूं करेना. म्हटलं, सकाळचा राग असेल. पण हो, गुणी आहे हो. ओढ्याच्या अलीकडे माझी झोळी जड झाली, तर मी नुसती मागे धरली. त्याने न बोलता घेतली."

"तुम्ही बघितलंत त्याला?"

हेडबाई पहिल्यांदाच गप्प झाल्या.

"वळून नाही बघितलं," त्या हळूच म्हणाल्या. "पण हात गार होता त्याचा. मला वाटलं, धुक्याने."

ताईने पाव्हण्यांना होडीवालीच्या स्वाधीन केलं आणि वाटाड्याला घेऊन उलटी वर निघाली. डोकं आपलं नेहमीचं काम करत होतं. म्हणजे संशय घेत होतं. शेपूट सूड उगवतोय. कुठेतरी लपून मजा बघतोय. की या वाटाड्याला फितवलंय? हा माणूस मघापासून नजर का चुकवतोय?

"तुम्ही मध्ये होतात," ती चालता चालता म्हणाली. "मागचं काहीच ऐकलं नाही?"

"ऐकलं ना."

"काय?"

"तो बोलत होता. वरच्या टप्प्यात, धुकं आलं तेव्हा. बराच वेळ बोलत होता."

"हेडबाईंशी?"

"नाही." वाटाड्या थांबला. त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "तुमच्याशी."

"मी पुढे होते."

"तेच म्हणतोय मी. मला वाटलं तुम्ही मागे गेलात. तुमचाच आवाज होता, ताई. मी काय तुमचा आवाज ओळखत नाही?"

ताईने त्याला सरळ सांगितलं, तुम्ही खोटं बोलताय. तो वाद घालत बसला नाही. पण त्यानंतर तो तिच्या मागे चालायला तयार होईना, पुढेही होईना. वाट अरुंद, तरी खांद्याला खांदा लावून चालत राहिला.

ओढा ओलांडला. धुकं अजून तसंच होतं. तिने पुन्हा शिट्टी मारली.

या वेळी उत्तर वरून यायला हवं होतं.

आलं... खालून. त्या दोघांच्या मागून.

वाटाड्याने तिचा दंड घट्ट धरला. दोघंही वळली नाहीत. तिने शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली आणि शेपटाचं घरातलं नाव घेऊन हाका मारायला सुरुवात केली.

तो वर सापडला. धुकं सुरू झालं होतं जवळपास तिथेच. एका सपाट दगडावर आरामात बसला होता. ना खरचटलेला, ना घाबरलेला. तिला बघून उठला आणि हसला. लहानपणी हसायचा तसा.

"आलीस पण? म्हटलं, तुला वेळ लागेल."

ताईने आधी त्याला मिठी मारली. मग एक सणसणीत ठेवून दिली.

"इथे काय करतोयस?"

"अगं, तूच म्हणालीस ना, इथे बस, मी सगळ्यांना खाली सोडून येते. शिट्टी पण तूच नेलीस माझी."

त्याच्या गळ्यात शिट्टी नव्हती. दोरीही नव्हती.

आणि दगडाच्या पलीकडे, त्याच्या सॅकला टेकून, हेडबाईंची झोळी ठेवलेली होती.

"ही कुठून आली?"

"असं काय करतेस? तूच नाही का मघाशी आणून ठेवलीस?"

ताईने खाली वाकून त्याचे बूट चाचपले. वाटाड्याचे बूट ओढ्याच्या पाण्याने चिंब होते, तिचेही होते. याचे मात्र कोरडे होते. झोळी ओढ्याच्या काठावर हातातून गेली होती, पण पाणी ओलांडायच्या आधी. म्हणजे याने तिथपर्यंत येऊन झोळी घेतली आणि परत वर पळाला, असं होऊ शकत होतं. तिला तेच हवं होतं. तसंच झालं असावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

पण मग ओढ्यापासून खाली वाळूपर्यंत शिट्टी कोण वाजवत होतं?

तिने त्याचा हात धरला. हात उबदार होता. खाली पोचेपर्यंत तिने तो सोडला नाही आणि त्याला स्वतःच्या पुढे चालवलं.

किनाऱ्यावर सूर्य टेकला होता. पाव्हणे वाळूवर एकमेकांना चिकटून बसले होते. कयाकना कोणी हात लावला नव्हता.

"तुम्ही गेल्यावरही वाजत होती," हेडबाई म्हणाल्या. "थोड्या थोड्या वेळाने. दोन, दोन. आम्ही कोणी उत्तर दिलं नाही."

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. ऊन छान पडलं, पाव्हणे कयाकमधून खडकांपर्यंत जाऊन आले. शेपटाने सगळ्यांना हसवलं. दुपारी होडीवालीच्या ओसरीवर बसून जाळ्याची गाठ मारायला शिकला, गाण्यांच्या वेळी टाळ्यांचा ताल धरला. ताई कोपऱ्यात बसून त्याच्यावर नजर ठेवून होती. आपण माणूस परत आणलाय, पण बरोबर तोच आणलाय ना, हा किडा तिच्या डोक्यातून जाईना.

तिने त्याची परीक्षा घेतली. लहानपणी आपण आईपासून काय लपवलं होतं? बाबांचं घड्याळ कोणी फोडलं होतं? त्याने सगळं बरोबर सांगितलं, वर घड्याळाचं खापर तिच्यावरच फोडलं. तोच होता. शंभर टक्के तोच.

म्हणजे प्रश्न त्याचा नव्हताच. त्याला कोण भेटलं होतं, हा होता.

घरी परतल्यावर तिने एकदा आडून विचारलं.

"त्या दिवशी डोंगरावर मी काय बोलले रे तुला? रागात होते, आठवत नाही नीट."

त्याचे डोळे भरून आले.

"तू म्हणालीस, माझं चुकलं. सगळ्यांसमोर तुला तसं बोलायला नको होतं. तू मागे असतोस म्हणून मी पुढे बिनधास्त चालते." त्याने डोळे पुसले. "ताई, त्या एका वाक्यासाठी मी राहिलो. नाहीतर उतरलो की निघणारच होतो."

ताई मला हे सांगताना रडली. का, तर तिच्या मनात हेच होतं. शब्द न् शब्द. सकाळपासून, रांगेच्या पुढे चालताना, ती मनातल्या मनात हेच घोकत होती. ओठांवर येत नव्हतं इतकंच.

"अजून काय म्हणाले मी?"

तो हसला. "ते नाही सांगणार. वचन दिलंय."

"कोणाला?"

"तुलाच की."

बरेच महिने तिने हे सगळं गिळून ठेवलं. तो बदलला होता, आणि चांगला बदलला होता. सकाळी वेळेवर उठायचा, हिशेब बघायचा, मावशीला बाजारात घेऊन जायचा. मावशी म्हणायची, दृष्ट लागण्यासारखं पोरगं झालंय. अशा वेळी त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुझी माफी मी मागितलीच नव्हती?

पण ताईचा स्वभाव. शेवटी तिला राहवलं नाही. एके संध्याकाळी स्वयंपाकघरात, मावशी शेजारी गेलेली असताना, तिने त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मी मागे आलेच नव्हते. तुझी शिट्टी मी घेतली नाही. झोळी मी आणली नाही. ती मी नव्हते.

तो शांतपणे ऐकत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू... हसू पसरलं.

"तू म्हणाली होतीस."

"काय?"

"की एक दिवस तू मला समोर बसवशील आणि म्हणशील, ती मी नव्हतेच. तेव्हा घाबरायचं नाही, वाद घालायचा नाही. नुसतं हसायचं." त्याने तिचा हात थोपटला. "बघ, हसलो की नाही?"

ताईच्या हातातलं भांडं खाली पडलं.

गेल्या आठवड्यात या हंगामाची पहिली सहल ठरली. सामान बांधताना शेपूट सहज म्हणाला,

"यंदा त्या उतारावर मी पुढे चालेन. तू मागे."

"का?"

"आता काय का विचारतेस! एवढंच तर मागितलं होतंस माझ्याकडे. पुढच्या वेळी मला शेवटी चालू दे म्हणून."

ताईने मला फोन केला तेव्हा मी तिला हात जोडून विनवलं. सहल रद्द कर. आजारी पड. दुसऱ्या कोणाला तरी मागे ठेव.

"दुसऱ्या कोणाला ठेवू?" ती म्हणाली. "परक्याच्या लेकराला? की पुन्हा त्यालाच? मी नाही गेले तर तो एकटा सगळ्यांना घेऊन जाईल. त्याने वचन दिलंय, तो ऐकायचा नाही. कोणाला तरी मागे चालावंच लागतं."

"मग मावशीला तरी सांग."

"आईला काय सांगू? तिने त्याला माझ्या भरवशावर पाठवलंय. मला कोणाच्या भरवशावर पाठवणार ती?"

आज सकाळी ते माथ्यावरून निघाले असतील. आता दुपार झालीय. त्या उतारावर फोन लागत नाही हे मला माहीत आहे, तरी मी मघापासून तिचा नंबर फिरवतोय.